शेऱ्याचा रकाना

हळद शिजायला लागली की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. बायको म्हणते, "दर साली याच दिवसांत तुमच्या पायाला भिंगरी लागते." खरं आहे तिचं. फेब्रुवारी सरत येतो, काढणी उरकत येते, वावरांच्या कडेला बॉयलर येऊन उभे राहतात आणि उकडलेल्या हळकुंडांचा तो वास, थोडा ओल्या मातीचा, थोडा कापराचा, थोडा कडवट, रस्ते ओलांडून थेट आमच्या कॉलेजच्या खिडक्यांतून आत येतो. इतरांना त्या वासानं घर आठवत असेल, सण आठवत असेल. मला लाल शाईची एक रेघ आठवते.

परवाच्या शनिवारी सकाळच्या पेपरला मी पर्यवेक्षक होतो. हे काम ज्यांनी केलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. वाचायचं नाही, लिहायचं नाही, फोन कपाटात, खुर्चीवर फार वेळ बसायचं नाही. तीन तास माणसानं नुसतं असायचं. एरवी मी खिडकीतून शेजारच्या वावरातला बाभळीचा बांध बघत वेळ काढतो. पण हळदीच्या दिवसांत तेही जमत नाही. मी रांगेतून रांगेत फिरत राहतो आणि मुलांची बोटं बघत राहतो. आमच्याकडं या हंगामात निम्म्या वर्गाची बोटं पिवळी असतात. सकाळी वावरात हळकुंडं वेचायची, आंघोळ करून, बस पकडून पेपरला यायचं. साबणानं तो रंग जात नाही. उत्तरपत्रिकांच्या कोपऱ्यांवर पिवळे अंगठे उठतात, आणि तपासणीला त्या गठ्ठ्यांनाही वास असतो.

प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न होता: उन्हाळ्यात विहिरींच्या पाणीपातळीत होणारा बदल आकृतीसह स्पष्ट करा. मी फिरताना बघत होतो. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच आकृती. डावीकडून निघालेली, कुठं न अडखळता, गुळगुळीत, अलगद खाली उतरत गेलेली रेघ. सुरेख. ती रेघ मीच त्यांना दिलेली होती, फळ्यावर काढून, "उतरवून घ्या" म्हणून. आणि आमच्या भागातली विहीर अशी उतरत नाही, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे.

एका मुलीच्या बाकापाशी मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन. ती दचकली. "सर, काही चुकलं का?"

"नाही, नाही. लिहा तुम्ही," मी म्हणालो आणि पुढं सरकलो.

तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम. विद्यापीठात दोन दिवसांची एक कार्यशाळा होती, तिथून मी परतलो तो भारावूनच. विद्यार्थ्यांना संशोधनात आणि शिकवण्यात भागीदार करून घ्या, असा तिथला सांगावा होता. ते म्हणजे नुसते भरायचे रांजण नव्हेत, प्रश्न त्यांना विचारू द्या, पद्धत त्यांना ठरवू द्या. मला ते मनापासून पटलं. पंचवीस वर्षं भूगोल शिकवून माझा आवाज मलाच कंटाळवाणा वाटायला लागला होता. स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी चहा फुंकत म्हणाले, "भागीदार? आधी हजर तर राहू द्या त्यांना." सगळे हसले. मी चिडलो. चिडलो म्हणूनच दुसऱ्या दिवशी कामाला लागलो, हेही खरं.

कॉलेजच्या मागं कडुलिंबाचा पार आहे. पाच जणांना तिथं बोलावलं आणि मी खुर्ची न घेता त्यांच्याबरोबर पारावरच बसलो. बरोबर बसलं की बरोबरी होते, असं मला तेव्हा वाटत होतं.

"आता तुम्ही सांगायचं," मी म्हणालो. "काय शोधू या?"

लिंबाची पानं गळण्याचे दिवस, एकेक पिवळं पान गिरक्या घेत आमच्या मधोमध पडत होतं. शेवटी दिगंबर बोलला. डोंगरकड्याचा, शेवटच्या वर्षाचा, हसऱ्या तोंडाचा, कुणाही मास्तरला आवडावा असा. "तुमीच सांगा ना सर. तुमी सांगान तसं करतो आमी."

मी हट्टानं मान हलवली. मग कडेला बसलेली मनीषा बोलली. मनीषा दुसऱ्या वर्षाला होती, औंढ्याच्या पलीकडच्या एका तांड्यावरची. वर्गात तिचा आवाज मी "हजर सर" एवढाच ऐकलेला.

"सर, विहिरी मोजाव्या," ती म्हणाली. "आमच्या तांड्यावर दरसाली भांडण होते. कोणी म्हणते पाणी एप्रिलपर्यंत पुरते, कोणी म्हणते मार्चातच बुडते. हळद किती लावावं ते कोणालाच समजत न्हाई. मोजलेलं कोणीच न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी टाळीच दिली तिला. पाच जण, पाच गावं, पाच विहिरी. दर रविवारी सकाळी आठ वाजता दोर सोडून पाणी किती खोल आहे ते बघायचं, हंगाम संपेपर्यंत. एक मोठं रजिस्टर घेतलं, प्रत्येकाला त्यात दोन-दोन पानं दिली. मी रकाने आखायला घेतले. तारीख, वेळ, आकडा.

"सर, शेऱ्याला बी जागा ठेवा," मनीषा म्हणाली.

"शेरा कशाला?"

"आकडा कसा आला ते लिहायला."

"शेरे मारायचं काम मास्तरांचं असतं ग," मी म्हणालो. सगळे हसले, तीही हसली. पण मी रकाना आखून दिला. भागीदारांची हौस मोडू नये, म्हणून.

पुढच्या आठवड्यात ती दोर घेऊन आली. तो दोर मी विसरू शकत नाही. तिच्या आईनं केलेला होता. फुटाफुटावर लाल लोकरीची गाठ, पाच फुटांवर पिवळी, दहा फुटांवर काळी, आणि गाठी अशा घट्ट, एकसारख्या की वाटावं, कापडावरचं भरतकामच कुणी दोरावर उतरवलंय. खाली वजन म्हणून एक जुनं लोखंडी कुलूप बांधलेलं. "याडीनं बांधून दिलं," ती म्हणाली. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. "कुलपाची किल्ली हरपून गेली व्हती, म्हणे एवढं तरी कामाला येईन." बाकीच्या चौघांनी बाजारातून टेप आणले होते. मला दोराचं कौतुक वाटलं, पण खरं सांगतो, मोजमापाच्या दृष्टीनं टेप बरा, असं मी मनात म्हणालो होतो.

मग ते रविवार सुरू झाले. सकाळी आठला मी घरी चहा पीत असे आणि पाच विहिरींवर माझे पाच भागीदार वाकून उभे आहेत अशा कल्पनेनं मला बरं वाटे. मी जाऊन बघत होतोच की! रस्त्यालगतच्या गावांना दोन-तीनदा गेलो, पण दुपारी, सवडीनं. माणसं कौतुकानं विहीर दाखवायची, चहा पाजायची. तांड्याकडं जायचं मात्र राहून गेलं. फाट्यापासून आतला रस्ता खराब, आणि माझी मोटारसायकल जुनी. कारणं काय, मागितली की मिळतात. दोन रविवार झाल्यावर मी वर्गात फळ्यावर ती रेघ काढून दाखवली. "आता पातळी अशी-अशी उतरत जाईल, बघा." उत्साहाच्या भरात. भागीदारांना अंदाज असावा म्हणून.

एप्रिलमध्ये रजिस्टर माझ्या टेबलावर आलं. चार जणांची पानं पांढरीशुभ्र, अक्षर टापटीप, शाई एकसारखी. आकडे कसे फळ्यावरच्या रेघेसारखे उतरलेले. मनीषाची पानं मळलेली, पिवळ्या अंगठ्यांची, एका ठिकाणी पाण्यानं शाई फुटलेली. आणि आकडे? एका रविवारी बावीस फूट, पुढच्या रविवारी सव्वीस, त्याच्या पुढच्या रविवारी परत तेवीस. वर, खाली, वर, खाली.

मी पाचही जणांना विभागात बोलावलं. एकटीला बोलवायला हवं होतं. तेवढीही अक्कल त्या दिवशी नव्हती.

"मनीषा, तुझी विहीर काय झोके घेते का ग?"

दिगंबर हसला. मग बाकीचे हसले.

"जसं दिसलं तसं लिहिलं सर."

"दर आठवड्याला चार फूट वर, चार फूट खाली? उन्हाळ्यात? पाऊस पडला का तुमच्याच तांड्यावर?"

"शेऱ्यात लिहिलंय सर."

"शेऱ्याचं नंतर बघू. खरं सांग. गेली होतीस का मोजायला, का घरी बसून लिहिलंस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात रडू नव्हतं, राग असेल तर तो मला दिसला नाही. मी लाल पेन उचललं आणि तिच्या आकड्यांवरून वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली. तिनं पिशवीतून दोर काढला, गुंडाळी नीट केली, कुलूप वाजू नये म्हणून हातानं धरून टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

चार विहिरींचा अहवाल झाला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं, तिथं मी तो वाचला, चार विद्यार्थी शेजारी उभे करून. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, विद्यार्थी खऱ्या अर्थानं भागीदार कसे होतात याचा हा नमुना आहे. फोटोत मी मान जरा कलती करून उभा आहे, लीनपणा दाखवायला. तो फोटो अजून विभागाच्या भिंतीवर आहे.

आमचं शेत नरसीजवळ. वडील थकल्यावर ते बटईनं दिलं, तेव्हा बटईदारानं पहिल्याच वर्षी वडलांना सांगितलं होतं, "दादा, मी सांगन ते ऐकून घ्यायला लागंन. वावरात मी उभा राहतो, तुमी न्हाई." वडलांनी ऐकलं. त्याला भागीदार म्हणतात. मी पारावर मुलांना भागीदार म्हणालो आणि राबवलं सालगड्यासारखं. त्यांनी आणायचं, मी ठरवायचं. शेतकऱ्याचा मुलगा असून मला हे कळू नये, याची लाज आजही वाटते. पण आमच्या लहानपणी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, हँडल मारलं की सुरू. पुढं मी शिकायला शहरात गेलो आणि त्यानंतर विहिरीचा दिवस कशानं उगवतो नि मावळतो, ते मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

ते कळलं पुढच्या वर्षीच्या हळदीत. दिगंबर पदवीधर होऊन शेती बघायला लागला होता. त्याचा फोन आला, "सर, हळद शिजून राहिली आमची. या एकदा वावरात." मी डोंगरकड्याला गेलो. बॉयलरची वाफ, पिवळं पाणी, उकडलेली हळकुंडं ताडपत्रीवर ओतली जात होती, त्यांच्यावरून वाफ उठत होती. दिगंबरनं एक हळकुंड मोडून दाखवलं, आतला रंग भगव्याकडं झुकलेला. आम्ही बांधावर बसलो तोच कुणीतरी ओरडलं, "लाईन आली!" शेतीची वीज आली होती, आणि दिगंबर बोलणं अर्धं टाकून स्टार्टरकडं पळाला. मोटार सुरू करून धापा टाकत परत आला.

"इतकं काय पळायचं?" मी म्हणालो.

"या हप्त्यात दिवसाची लाईन हाय ना सर. टायमात पाणी घ्यायला लागते. गेल्या हप्त्यात रातची व्हती." मग पहिलीतल्या लेकराला सांगावं तसं तो सांगायला लागला. "एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रातची, असं चालते. रातची असली की रातभर मोटारी चालतात, सकाळी विहीर खाली गेलेली. दिवसाची असली की रातभर पाझरून सकाळी वर आलेली."

मी विचारलं, "पण मग तुझे आकडे?"

त्यानं मान खाली घातली. नखानं हळकुंडाची साल काढत बसला. "सर, आता डिग्री हातात आली म्हणून सांगतो, रागवू नका. पयले दोन रविवार मोजलं मी. मंग तुमी फळ्यावर ती रेघ काढली. मंग मोजायचं काहून? तुमाला पायजे तसं एका बैठकीत लिहून टाकलं."

"आणि बाकीचे तिघं?"

"त्यांचं त्यांना ठाऊक. पण एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवायला फोन तर सगळ्यांकडंच हाय सर."

"मनीषा?"

"ती मोजत व्हती," तो म्हणाला. "ती येडी दर रविवारी मोजत व्हती."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. आणि फाशी देणारा मी, तोही मिरवून आलेला. डोंगरकड्याहून मी घरी गेलो नाही, थेट कॉलेजात गेलो. कपाटातून रजिस्टर काढलं आणि उभ्यानंच तो रकाना पहिल्यांदा वाचला. बारीक, ठासून लिहिलेलं अक्षर.

'लाईन दिवसाची. विहीर रातभर निवांत.'

'लाईन रातची. मोटार साडेपाचला बंद. पाणी गढूळ.'

'लाईन रातचीच, पण डीपी जळाला, मोटारी बंद. म्हणून पाणी वर.'

'याडीला ताप. आठ नाही, नऊला मोजलं.'

एका ओळीपाशी मी खाली बसलो. 'आज सर येणार होते. आले नाहीत.'

लाल रेघ तिच्या आकड्यांवरून खाली आली होती. शेऱ्याच्या रकान्याला तिनं स्पर्शही केला नव्हता. तो रकाना माझ्या लेखी नव्हताच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं मी मुलांना जन्मभर ऐकवत आलो. इथं आडात सगळं होतं, मीच पोहरा सोडला नव्हता.

मग मी काय केलं? हे सांगायची वेळ आली की माझी बोटं टेबलावर वाजायला लागतात. एक पत्र लिहिलं, ज्यांच्याकडं अहवाल वाचला होता त्यांना, की त्यातले आकडे विश्वासाचे नाहीत. उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' नोंद घेतली म्हणजे काय होतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला सांगायला नको. तिला मात्र मी काही सांगितलं नाही. त्याच महिन्यात तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, आणि एका पेपरला मीच वर्गावर होतो. तिच्या बाकापाशी गेलो, उत्तरपत्रिकेवर सही करायला वाकलो. अंगठा पिवळा होता. पेन क्षणभर थांबलं. आता बोलू, म्हटलं. मग म्हटलं, पेपरात हिचं लक्ष उडेल, नंतर बोलू. सही केली आणि पुढच्या बाकाकडं गेलो.

ती पास झाली, चांगल्या गुणांनी. पुढं कळलं, एम.एस्सी.चा फॉर्म तिनं नेला होता. त्याला विभागाच्या मास्तरचं शिफारसपत्र लागतं. ते मागायला ती माझ्याकडं आली नाही आणि फॉर्म तिनं भरलाच नाही. दोन वर्षांत मी कितीदा फोनवर तिच्यासाठी मजकूर लिहिला असेल आणि पुसला असेल. एवढ्या साध्या गोष्टीला दोन वर्षं! पण मास्तरच्या जातीला "माझं चुकलं" हे दोन शब्द फार जड जातात. आम्हाला ते उच्चारायची सवयच नसते. आणि त्या दोन वर्षांत मी वर्गात तीच गुळगुळीत रेघ काढत राहिलो, कारण पुस्तकात ती तशीच आहे आणि परीक्षेत तीच विचारतात.

शनिवारी पेपर संपला. गठ्ठे मोजून दिले, सीलबंद झाले. मग मी कपाट उघडून तिथं पडून असलेला तिचा दोर पिशवीत टाकला.

रविवारी सकाळी सातलाच निघालो. औंढ्यात नागनाथाच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांची गर्दी, फुलांच्या दुकानांपुढं पाणी मारलेलं. फाट्यावरून आत वळलो. रस्ता तीन वर्षांपूर्वी खराब होता तसाच खराब होता, आणि माझी गाडी त्यावरून व्यवस्थित गेली. तांड्याच्या कडेला ताडपत्रीवर हळद पसरलेली, एक बाई वाकून ती हातानं हलवत होती. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. तिनं पदराला हात पुसले आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मास्तर व्हय तुमी? मनीषाचे?" मग जरा थांबून म्हणाली, "ती विहिरीवर गेली. आज रविवार हाय ना."

मला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा मी जवळजवळ पळतच गेलो.

विहिरीच्या काठावर ती उभी होती. हातात नवा दोर, तशाच लाल, पिवळ्या, काळ्या गाठींचा, टोकाला थोडी वाळू भरलेली बंद बाटली, पाण्यावर तरंगेल अशी. शेजारी दोन वयस्कर शेतकरी उकिडवे बसलेले. काठावर उघडी वही.

"सर?" ती म्हणाली.

वाटेत मी काय-काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. "मनीषा, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझे आकडे खरे होते."

"मला ठाऊक हाय सर." तिचा आवाज शांत होता. "तुमाला कधी समजलं?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं," ती म्हणाली आणि विहिरीत बघत राहिली. त्या दोन शब्दांइतकं मला आयुष्यात कुणी बोललेलं नाही. मी भरभर बोलायला लागलो, काहीतरी भरून काढायचं म्हणून. शिफारसपत्र आजच लिहून देतो, नवा अहवाल करू, तुझं नाव आधी, माझं नसलं तरी चालेल.

"नावाचं मागून बघू सर." तिनं वही माझ्यापुढं केली. तीन वर्षांचे रविवार होते त्यात. एकही चुकलेला नव्हता. पानं पिवळी, मळलेली, आणि शेऱ्याचा रकाना आकड्याच्या रकान्यापेक्षा रुंद आखलेला. "याच्यावर बघून तांड्यातले लोकं हळद किती लावायची ते ठरवतात. दोन सालं झाली, भांडण न्हाई."

"रातची लाईन हाय, पाणी खाली दिसंन, पण घाबरायचं न्हाई, असं पोरगी सांगते," उकिडवे बसलेल्यांपैकी एक म्हातारा मला म्हणाला. "तुमी शिकिवलं का मास्तर हे?"

"नाही," मी म्हणालो. "हे मी आता शिकायला आलोय."

मनीषा हसली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मी पिशवीतून जुना दोर काढला. तिनं तो हातात घेतला, आईच्या गाठींवरून अंगठा फिरवला, कुलूप हलवून बघितलं.

"हा आखडला असंन सर. तीन वर्षं कोरडा पडला. याच्यावर मोजता येनार न्हाई."

"मनीषा, वर्गात येशील का? नव्या मुलांना तू शिकवावंस, असं वाटतं. विहीर कशी मोजायची ते."

खाली विहिरीत कबुतरांची फडफड झाली. "येईन," ती म्हणाली. "पण ते लाल रेघेचं पान फाडलं तर न्हाई ना?"

"नाही."

"मंग ते पयलं दाखवायचं. आणि मी बोलायच्या आधी तुमी सांगायचं, रेघ कोणी मारली, काहून मारली."

"सांगतो," मी म्हणालो. येत्या बुधवारी ती येणार आहे, आणि तेव्हापासून मी घरात येरझाऱ्या घालतो आहे.

"आता हा नवा दोर धरा," ती म्हणाली.

इतकी वर्षं भूजल शिकवणाऱ्या माणसानं विहिरीत दोर कधी सोडलेला नव्हता. मी सोडत गेलो, काळी गाठ गेली, दुसरी काळी गाठ गेली. बाटली दगडावर आपटली. "भिंतीपासून दूर," ती म्हणाली. "ढिला झाला की हात थांबवायचा. बघू नका, हाताला समजते." हाताला समजलं. तो क्षण मी सांगू शकत नाही, इतका छोटा होता. तळव्यातलं ओझं एकदम हलकं झालं.

"सव्वीस?" मी म्हणालो.

तिनं गाठीपाशी वाकून बघितलं. "सत्तावीस. पूर्ण." आणि मी दोर धरून तसाच उभा राहिलो. तिनं पेन घेतलं, आकडा लिहिला, मग शेऱ्याच्या रकान्यात 'लाईन रातची, मोटार पाचला बंद' असं लिहिलं. मनगटावरचं घड्याळ बघितलं. जरा थांबली. पिवळ्या अंगठ्यानं पान दाबून धरत तिनं पुढं लिहिलं, 'आठ नाही, आठ वीस. आज सर आले.'